उत्तरदाता क्रमांक अकरा

शांतता या विषयावर बोलणाऱ्या माणसांइतकी भांडकुदळ माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत. मी स्वतः त्यांतलीच, म्हणून हे अधिकारानं सांगते. आमच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात सशस्त्र संघर्ष आणि शांतता हा विषय शिकवणारे दोन प्राध्यापक होते, आणि ते एकमेकांशी शिपायामार्फत बोलायचे. खोली एक, टेबलं समोरासमोर. "सरांना सांग, पंखा कमी करा," असं एक जण शिपायाला सांगायचा, आणि ते सर तिथंच, चार हातांवर पेपर वाचत बसलेले असायचे. शिपाई निमूटपणे उठायचा, सरांपर्यंत जायचा आणि निरोप द्यायचा. भिंतीवर जुन्या परिसंवादातलं थर्माकोलचं कबुतर होतं.

त्यांतले पेपर वाचणारे ते माझे गाइड. त्यांचा माझ्यावर जीव नव्हता, माझा त्यांच्यावर तर मुळीच नव्हता. जगातल्या सगळ्या शांतता करारांची कलमं त्यांना पाठ होती. प्रकरण दाखवायला मी हर्सूलला त्यांच्या घरी जायचे, तेव्हा ते आधी मूल्यांकन समितीच्या फायली माझ्यापुढं टाकायचे. "या जरा नीट लावून द्या, तोवर मी तुमचं बघतो." फायली लागायच्या, माझं बघायचं राहायचं. सहा वर्षं हे चाललं. मी गिळलं, कारण मला पर्याय नव्हता. चाळिशी उलटली होती, मी अजून तासिका तत्त्वावर शिकवत होते, आणि पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होण्याची आशा नव्हती. घरात सासूबाई दर दिवाळीत विचारायच्या, "झालं का गं ते तुझं?" ते तुझं म्हणजे माझं आयुष्य.

माझा विषय होता शस्त्रसंधीच्या काळातले जवानांचे अनुभव. दोन सशस्त्र बाजूंमध्ये बोलणी सुरू होतात, गोळीबार थांबतो, तेव्हा प्रत्यक्ष चौकीवर उभा असलेला माणूस काय करतो? यावर लिहिणारे बहुतेक जण राजधानीतल्या टेबलाबद्दल लिहितात. मला चौकीबद्दल लिहायचं होतं. आपल्याकडं गंगापूर, वैजापूर, कन्नड या पट्ट्यातून निमलष्करी दलात गेलेले आणि निवृत्त होऊन शेती करणारे भरपूर. मी एकेकाला गाठत गेले. बहुतेकांनी मला भाषणं ऐकवली. देशसेवा, शिस्त, आजकालची पिढी. मी वह्या भरल्या आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

अकरावा माणूस वेगळा निघाला. लासूर स्टेशनला उतरून पुढं रिक्षानं त्याच्या गावी जायचं. हुद्दा हवालदाराचा, पण गावात सगळे त्यांना मेजर म्हणायचे, म्हणून मीही मेजरच म्हणू लागले. पहिल्या खेपेला ते स्वतःचे कपडे इस्त्री करत होते. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या खेपेला शेतातलं काम सांगून निघून गेले. त्यांच्या बायकोनं मला चहा दिला आणि म्हणाली, "ते बोलत नायत. माझ्याशी बी नाय." मला राग आला, कारण दोन्ही वेळा सुट्टी बुडवून गेले होते. तिसऱ्यांदा गेले ते केवळ हट्टानं.

त्या दिवशी त्यांनी आधी माझा मोबाइल घरात ठेवायला लावला. रेकॉर्डिंग नाही, हातानं लिहा म्हणाले. मग बोलले.

"वरच्या लोकायची बोलणी चालली व्हती दीड महिना. आमाला हुकूम, गोळी चालवायची नाय. नाल्याच्या अलीकडं आमी, पलीकडं ते. पानी एकच. सकाळी मी जायचो भरायला, तिकडून एक जन यायचा. तिशीतला आसंल. पैल्या आठवड्यात दोघांनी बंदूक धरूनच पानी भरलं. मंग एक दिवस त्यानं हातानंच इचारलं, बिडी हाय का. म्या बंडल फेकलं. मंग रोजचंच झालं ते."

मी मान वर न करता लिहीत होते. वर बघितलं तर ते थांबतील असं वाटत होतं.

"मंग बोलणी फिसकटली. सांजच्याला वायरलेस आला, उद्यापासून पैल्यावानी. सकाळी मी पान्यावर गेलो तं त्यो आलेला. त्याला ठावंच नसावं. बंदूक झाडाला टेकवून तोंड धूत व्हता. म्या नेम धरला. बराच येळ धरला. मंग हात हलवून सांगितलं, जा. त्यानं पाहिलं माझ्याकडं, बंदूक उचलली आन् गेला. पळाला नाय. चालत गेला."

"मग?"

"मंग तिसऱ्या दिवशी त्याच वाटंवर सुरुंग फुटला. आमचे दोन गेले. त्यातला एक माझा दोस्त, देवगाव रंगारीच्या बाजूचा. एकाच भरतीत लागलो व्हतो आमी."

सुरुंग त्याच माणसानं पेरला का, हे मी विचारलं. मेजर म्हणाले, "कोनाला ठावं? पन मला वाटतं, त्यानंच." त्याला सोडल्याचं त्यांनी ना वरिष्ठांना सांगितलं होतं, ना बायकोला. वीस वर्षं झाली होती. दोस्ताच्या वर्षश्राद्धाला ते दरवर्षी त्याच्या घरी जातात, वहिनी जेवायला वाढतात. दोस्ताची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला शाळेत यांनी घातलं, आता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी शहरात, औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत यांनीच आणून सोडलं. ती यांना काका म्हणते.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुठं छापून येतं? कोनाला बी वाचायला भेटतं का?"

माणूस घाबरला आहे असं मी धरून चालले. म्हटलं, "काळजी करू नका. तुमचं नाव कुठंही येणार नाही, नुसता नंबर असतो. आणि प्रबंध कोणी वाचत नाही, मेजर. वाळवीसुद्धा कंटाळते." ते हसले नाहीत. संमतीपत्र पुढं केलं, तर त्यावर त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

गाइडनं ते प्रकरण वाचलं आणि सहा वर्षांत प्रथमच मला चहा विचारला. "हिरा आहे हा! शस्त्रसंधी कागदावर संपली तरी माणसांत संपत नाही. केवढा मोठा मुद्दा आहे!" दोन माणसं मेली होती आणि यांना मुद्दा सापडला होता. मला त्यांची किळस आली. पण खरं सांगायचं तर तो मुद्दा मीच लिहिला होता, आणि लिहिताना मलाही उकळ्या फुटल्या होत्या.

मग ते म्हणाले, "पण नुसता क्रमांक अकरा म्हणजे कोण? वय टाका, तालुका टाका, भरतीचा तपशील टाका. वाचकाला माणूस दिसला पाहिजे." मी म्हटलं, ओळखू येईल. ते म्हणाले, "कोण ओळखतंय? परीक्षक दुसऱ्या राज्यातले आहेत." मी टाकलं. वाद घालता आला असता. पण तेव्हा मला प्रबंध त्या घरातून एकदाचा बाहेर काढायचा होता.

खुली मौखिक परीक्षा हा आमच्याकडं अर्धा साखरपुडा असतो. प्रबंध आधीच तपासून झालेला, निकाल सगळ्यांना माहीत. उमेदवारानं शाली आणायच्या, हार आणायचे, पाहुण्या परीक्षकाच्या जेवणाचं बघायचं आणि हॉल भरायला घरची माणसं गोळा करायची. नियमाप्रमाणं त्या हॉलमध्ये कोणीही येऊन बसू शकतं आणि कोणीही प्रश्न विचारू शकतं, पण तो नियम कोणी वापरत नाही. मेजरना मी रीत म्हणून फोन केला होता. "तारीख ठरलीय. कोणालाही येता येतं, पण तुम्ही येऊ नका, उगाच कोणी ओळखेल." ते म्हणाले, "बरं."

पहिल्या रांगेत सासूबाई पैठणी नेसून बसल्या होत्या. मी अर्धा तास बोलले. गाइडच्या आग्रहामुळं पडद्यावर अकरा क्रमांकाची पूर्ण हकिकत लावली होती. ती मी वाचून दाखवली. गाइडनी मागं वळून सगळ्यांकडं असं बघितलं की जणू नाल्यावर तेच उभे होते. मग अध्यक्ष म्हणाले, "कोणाला काही विचारायचंय?" एका निवृत्त प्राध्यापकांनी उठून स्वतःबद्दल दहा मिनिटं सांगितलं. टाळ्या वाजणार तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली.

"मॅडम, ते अकरा नंबर कुठल्या गावचे?"

"ते गोपनीय असतं," मी म्हटलं.

"गंगापूर तालुका तुम्हीच लिहिलाय. माझे वडील त्या तुकडीत होते. सुरुंगात दोघं गेले, त्यातले एक ते. आणि त्यांच्यासोबत त्या भरतीत गंगापूरकडून गेलेला माणूस एकच आहे. मी त्यांना काका म्हणते." तिचा आवाज चढला नव्हता. "मला फक्त व्हय का नाय तेवढं सांगा. त्यांनी त्या माणसाला सोडून दिलं?"

म्हणजे ही त्या दोस्ताची मुलगी. खरं सांगितलं तर मेजर दरवर्षी जेवायला जातात ते घर त्यांना तुटणार होतं, आणि जीव लावायला त्या माणसाला तेवढं एकच घर होतं. गोपनीय गोपनीय म्हणत राहिले असते तर तेही हो म्हणण्यासारखंच झालं असतं. वाट एकच उरली. मी तिच्याकडं बघत म्हटलं, "अकरा क्रमांकाचा उत्तरदाता खोटा आहे. तो मी रचलाय."

गाइड उभे राहिले. पाहुण्या परीक्षकांनी चष्मा काढला.

"रचलाय म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"म्हणजे असं काही घडलं नाही. प्रबंधात एक जोरदार हकिकत हवी होती. इकडून तिकडून वाचून जुळवली, तालुका सहज टाकला."

 ती म्हणाली, "माझा बाप तुमच्या हकिकतीसाठी मेला नव्हता." आणि निघून गेली. तिची घृणा मी झेलली. खरं सांगते, त्या क्षणी मला माझा अभिमान वाटला. सहा वर्षं लोकांच्या दुःखाचे तक्ते केले होते, एकदा तरी काही केलं असं वाटलं.

पुढचा तमाशा काय सांगू? गाइड मला खोलीत घेऊन गेले आणि दार लावून ओरडले. तो माणूस खरा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. "वही आणि संमतीपत्र आणा, आत्ता सगळं सावरता येईल!" मी म्हटलं, वही नाहीच. त्यांचे समोरच्या टेबलावरचे शत्रूसुद्धा आत आले, आणि कित्येक वर्षांत प्रथमच ते दोघे एकमेकांशी थेट बोलले. मला शिव्या द्यायला त्यांना मध्यस्थ लागला नाही. दोघांनी मी आणलेले गुलाबजाम खाल्ले. जिन्यात शिपाई भेटला. तो म्हणाला, "मॅडम, तुमको झूठ बोलना भी नहीं आता. कायकू बोले?" मी तशीच खाली उतरले.

त्याच दुपारी घरी येऊन मी ती वही फाडली. संमतीपत्रासकट सगळे कागद बादलीत भिजवले, त्यांचा लगदा केला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. समितीला उद्या वाटलं तरी त्या माणसापर्यंत कोणी पोचता कामा नये, हा माझा हिशोब होता. समिती बसली. गाइडनी लेखी दिलं की उमेदवाराच्या प्रामाणिकपणाबद्दल आपल्याला पहिल्यापासून शंका होती. नोंदणी रद्द, तासिका बंद.  सासूबाईंनी पैठणी घडी करून ठेवली आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

पंधरवड्यानंतर मी लासूर स्टेशनला उतरले. कशाला गेले होते ते लपवत नाही. मला शाबासकी हवी होती. निदान एका माणसानं म्हणावं की बाई, तू माझी अब्रू राखलीस.

मेजर घरामागच्या कांदाचाळीत कांदे निवडत होते. या म्हणाले नाहीत. मीच एक पोतं ओढून बसले आणि सगळं सांगितलं. परीक्षा, मुलगी, मी काय बोलले, वही, लगदा, नोकरी. ते सडके कांदे बाजूला फेकत होते.

"झालं सांगून?" ते म्हणाले. "पोरीला म्याच धाडलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही.

"वीस सालं त्या घरी जेवतो. दर खेपंला ठरवून जातो, आज सांगायचं. ताट म्होरं आलं का जीभ उचलत नाय. म्हनून तुमाला सांगितलं. वाटलं, शिकलेली बाई हाय, नीट कागदावर मांडंल. पोरगी ऐकंल, मंग काय करायचं ते तिचं ती ठरवंल. शिव्या दील. दारात उभं करनार नाय. चालंल. म्हनून फोन केला तिला, का तुझ्या बापाच्या नोकरीवरचं काई हाय, म्या बी त्या बाईला थोडं सांगितलंय, जाय, मागं बसून ऐक, आन् काय इचारायचं ते तिथंच इचार."

"मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ किंचाळले. "एक शब्द बोलला असतात तर!"

"तुमी इचारलं का?"

माझ्या प्रश्नावलीत साठावर प्रश्न होते. भरती, पगार, हुकूम, जेवण, झोप, भीती. हे सांगून तुम्हाला काय व्हायला हवंय, हा प्रश्न त्यात नव्हता. मी त्याला घाबरट ठरवलं आणि त्याच्या वतीनं सगळं उरकून टाकलं. त्याला वाचवायला त्यानं मला सांगितलं नव्हतं. पण त्या वेळी हे कबूल करण्याइतकी मी शहाणी नव्हते, मला त्याचाच राग येत होता.

"परवा आली व्हती पोरगी," ते म्हणाले. "हितंच. पाया पडली माझ्या. लई रडली. म्हनली, काका, माफ करा, त्या बाईपायी तुमच्यावर शक आला माझा. तुमी चांगल्या मनानं तिला चार गोष्टी सांगितल्या आन् तिनं काय बी खपवलं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं तिला."

"माफी मागाय आलेल्या लेकराला?" पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्या नजरेत माझ्यासाठी काही चांगलं नव्हतं. "आदी तिला ठावं नव्हतं. आता तिला ठावं हाय का मी तसा नाय. आता कसं सांगू? तुमीच सांगा, तुमी शिकलेल्या हाव."

"मी जाते तिच्याकडं," मी म्हटलं. "औरंगपुऱ्यातच आहे ना? आजच जाते. खरं काय ते मी सांगते."

ते हसले. "काय सांगनार? तवा खोटं बोलले, आता खरं बोलते? एखादा कागद हाय का तुमच्यापाशी?"

कागद नव्हता. सही नव्हती. माझ्या शब्दाला किंमत उरली नव्हती, ती मीच भर हॉलमध्ये घालवली होती.

"जावा आता," ते म्हणाले. "पुन्यांदा येऊ नका."

मी उठले. चाळीच्या तोंडापर्यंत गेले तोच त्यांनी हाक मारली. आतून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं आणून त्यांनी माझ्या हातात दिलं. मऊ लागलं, तुपाचा वास आला. पुरणाच्या पोळ्या होत्या.

"वहिनीनं धाडल्यात," ते म्हणाले. "पोरीनं घरी जाऊन सांगितलं, काकांवर उगा आळ आला व्हता म्हनून. माझ्यानं नाय खाल्ल्या जात. तुमी न्या. तुमच्यापायीच आल्यात."